जुनी बिअरची बाटली सापडली तर तिचं वय कसं काढायचं, आपल्या सातारा-सांगलीच्या हिशोबानं

आपल्याकडं जुनी बाटली दिसली की पहिला शब्द निघतो तो म्हणजे ब्रिटिशकालीन. मिरजेच्या भंगारात असू दे, वाईच्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर असू दे नाहीतर महाबळेश्वरात जुन्या बंगल्याच्या मागं पाचोळ्यात असू दे, काच जाड आणि रंग गडद असला की झालं, विकणारा पण तेच म्हणतो आणि घेणारा पण मान डोलावतो. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्यात दोन्हीकडून नुकसान होतं, एक तर १९७० ची बाटली लोक दीडशे वर्षांची म्हणून घेतात आणि दुसरं म्हणजे खरोखर १८९० ची बाटली कुणाला ओळखू येत नाही म्हणून ती फुटक्या काचेच्या पोत्यात जाते. म्हणून हे सविस्तर लिहितोय, वाचा आणि घरातली एखादी बाटली समोर घेऊन बसा, नुसतं वाचून डोक्यात राहणार नाही.

आधी मुद्द्याची गोष्ट सांगतो. बाटलीवर जेवढ्या खुणा सापडतील त्या प्रत्येकीपुढं एकच वर्ष लिहायचं, ही खूण कधीपासून सुरू झाली ते वर्ष, आणि सगळ्या लिहून झाल्या की त्यातली सगळ्यात नवी खूण बघायची. बाटली त्या वर्षाच्या आधीची असूच शकत नाही, मग बाकी कितीही जुनाट दिसू दे. रंग जुना, आकार जुना, पण बुडाला ६५० मिली लिहिलंय तर विषय संपला, कारण मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडं १९५६ चा आणि मिलीलिटर प्रत्यक्ष बाजारात रुळायला १९६० च्या आसपास सुरुवात झाली, त्याआधी सगळा कारभार पिंट आणि औंसात. पुष्कळ वाड्यांतून पणजोबांच्या काळातली म्हणून जपलेली बाटली याच एका आकड्यावर नातवाच्या काळात येते.

कामाला लागायचं तर सामान फार नाही लागत, एक भिंग, मोबाईलचा टॉर्च, पांढरा कागद, पेन्सिल आणि थोडी टाल्कम पावडर. बाटली उजेडात धरायची आणि सुरुवात मानेपासून करायची, बुडापासून नाही, कारण तोंड आणि मान हीच जागा सगळ्यात जास्त बोलते.

बाटली साच्यात बनते आणि साचा दोन तुकड्यांचा असतो, त्या दोन तुकड्यांच्या जोडाची बारीक उभी रेघ काचेवर दोन्ही बाजूंना उमटते. नखानं ती रेघ खालून वर चाचपत जायचं. रेघ खांद्यावरून मानेवर चढली आणि ओठाच्या खालीच विरून गेली, तर तोंड हातानं केलेलं आहे, म्हणजे कारागिरानं बाटली फुंकून झाल्यावर मानेवर काचेचा वेगळा पट्टा चढवला किंवा हत्यारानं तोंड गोल फिरवून घोटलं. रेघ थेट ओठावरून पार वरच्या काठापर्यंत गेली असेल तर बाटली यंत्रावरची. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या कॅसलफोर्डला अ‍ॅश्लीचं अर्धं यंत्र, म्हणजे ज्यात काच माणूस घालायचा आणि पुढचं काम यंत्र करायचं ते, १८८० च्या दशकात आलं, आणि अमेरिकेत मायकेल ओवेन्सचं पूर्ण आपोआप चालणारं यंत्र १९०३-०४ च्या सुमारास, त्यानंतर हळूहळू जगभर हातकाम मागं पडलं. तेव्हा परदेशी बिअरच्या बाटलीवर रेघ काठापर्यंत असेल तर ती बहुतेक करून विसाव्या शतकातली धरायची. पण इथं एक लक्षात ठेवा, परदेशी पुस्तकातली वर्षं भारतात बनलेल्या बाटलीला जशीच्या तशी लावू नका, आपल्याकडच्या छोट्या काच कारखान्यांत हाताचं आणि अर्ध्या यंत्राचं काम पुढं बरीच वर्षं चालू होतं, त्यामुळं रेघ ओठाखाली थांबली एवढ्यावर १८८० म्हणून उड्या मारायच्या नाहीत.

रेघच सापडत नाही असंही होतं. मग अंगावर टॉर्च तिरका मारून बघा, आडव्या बारीक गोल गोल रेषा दिसल्या तर ती फिरवलेली बाटली, ओल्या लेप दिलेल्या साच्यात काच फिरवायचे त्यामुळं जोडाची रेघ पुसली जायची आणि अंग चकचकीत यायचं, हे साधारण १८८० ते १९२० च्या दरम्यानचं काम. आडव्या रेषाही नाहीत, अंग जरा वाकडं, बूड खडबडीत, तर ती त्याहून जुनी असण्याची शक्यता आहे आणि अशी बाटली हातात आली तर जपून ठेवा.

आता तोंड. बिअरच्या बाटलीत वय सांगायला झाकणाच्या प्रकारासारखं दुसरं काही नाही.

लहानपणी आपण सगळ्यांनी बिल्ले खेळलोय, सोड्याच्या आणि बिअरच्या बाटलीचे दातेरी पत्र्याचे बिल्ले. तो बिल्ला बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरनं १८९२ साली पेटंट केला. म्हणजे ज्या बाटलीच्या तोंडाला बिल्ला बसायची ती ठराविक जाड गोल कड आहे ती बाटली १८९२ च्या आधीची नाही, कुणी काहीही सांगू दे. आणि बिल्ला लगेच सगळीकडं पसरला असंही नाही, ब्रिटिश बिअरवाले त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्या जुन्या पद्धतीनंच चालले होते.

ती जुनी पद्धत म्हणजे आतल्या आट्यांचं झाकण, आणि आपल्या भागात जुनी बाटली चाळताना लोक हेच बघायचं विसरतात. बाटलीच्या तोंडात करंगळी घालून आतून फिरवा. आटे लागले, म्हणजे पाण्याच्या बाटलीला बाहेरून असतात तसे पण इथं आतून, तर समजा की त्यात काळ्या कडक रबराचं, म्हणजे एबोनाइटचं, स्क्रूसारखं बूच बसायचं आणि खाली लाल रबराची रिंग असायची. हे हेन्री बॅरेटचं पेटंट, १८७९ चं. इंग्लंडच्या बिअरला ही झाकणं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती, त्यामुळं एकट्या आट्यांवरून फार अचूक वय निघत नाही, पण १८७९ च्या आधीची नाही हे पक्कं होतं. बूच सोबत मिळालं तर फेकू नका, त्याच्या डोक्यावर पुष्कळदा ब्रुअरीचं, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याचं, नाव कोरलेलं असतं, पण एवढं लक्षात ठेवा की बूच एका बाटलीचं दुसरीला बसतं, नाव बुचाचं आहे, बाटलीचं असेलच असं नाही.

तारेची कडी आणि त्याला चिनी मातीचा किंवा रबराचा गोळा, असं झाकण दिसलं तर ते १८७५ च्या पुढचं, चार्ल्स द क्विलफेल्ड्टचं पेटंट त्या सालचं. जर्मन बिअरवर हे जास्त दिसतं. पण तार आजही नवीन बनते आणि शोभेच्या बाटल्यांवर सर्रास लावतात, तेव्हा तारेपेक्षा मानेवरचे तार अडकवायचे खाच-खड्डे आणि त्यावरची झीज बघा, तार नवी आणि खाच कोरी असेल तर हळद-कुंकू लावून ठेवायला बाटली चांगली, जुनी म्हणून पैसे द्यायला नाही.

आणि साधं कॉर्कचं बूच, म्हणजे मानेला वरून जाड पट्टी आणि आत सरळ भोक, ही सगळ्यात जुनी पद्धत, पण ती कधी संपलीच नाही त्यामुळं तिच्यावरून एकटीवरून काहीच ठरवू नका.

गोटीसोड्याची बाटली या चर्चेत येतेच म्हणून सांगतो, ती बिअरची नाही, सोड्याची. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाचं ते पेटंट १८७२ चं, आणि गंमत नाही, खरी गोष्ट आहे की तिच्या मूळ देशात ती केव्हाच संपली आणि आपल्याकडं ती अजून भरली जाते. म्हणून गोटीची बाटली दिसली की जुनी असं समीकरण आपल्या भागात अजिबात चालत नाही.

मानेचं झालं की बाटली उलटी करायची. बुडाच्या मध्यभागी काचेचा खडबडीत, तुटल्यासारखा व्रण असेल तर तो लोखंडी दांडीचा, बाटलीचं तोंड करताना बूड धरायला तापलेल्या काचेनं दांडी चिकटवायचे आणि मग झटक्यानं तोडायचे, त्याचा तो व्रण. साधारण १८६० च्या दशकापर्यंत ही पद्धत बऱ्यापैकी संपली कारण बाटली धरायला चिमट्यासारखी पकड आली. असा व्रण, त्यात गडद काळपट हिरवी काच आणि अंग थोडं एका बाजूला कललेलं, असं सगळं जुळून आलं तर तुमच्या हातात कंपनी सरकारच्या आसपासची वस्तू असू शकते. बुडावर भलामोठा गोल, थोडा बाजूला सरकलेला, कडेला चुणी पडलेली रेघ असेल तर ती ओवेन्स यंत्राची, १९०४ च्या पुढची. आणि बुडाच्या कडेला बारीक बारीक ठिपक्यांची खरखर किंवा बारीक आडव्या रेघांची किनार, जिच्यावर बाटली टेकते, ती साधारण १९४० नंतर आली, ही खूण फार उपयोगी आहे कारण ती बारीक असल्यामुळं नकली बनवणारे आणि विकणारे दोघंही तिच्याकडं बघत नाहीत.

बुडावरची आणि खालच्या पट्टीवरची उठावाची अक्षरं पुष्कळदा झिजलेली असतात, भिंग लावूनही कळत नाहीत. तिथं टाल्कम पावडर बोटानं हलकी चोळा आणि वरून फुंकर मारा, खाचेत पावडर राहते आणि अक्षर उठून दिसतं. नाहीतर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, लहानपणी नाण्याचं करायचो तसं.

आता एक बाटली नीट दाखवतो. साताऱ्यात कॅम्पाच्या बाजूला एका जुन्या आवारात पाया खणताना निघालेली, ओळखीच्यांकडं आहे. रंग दाट बाटली-हिरवा, उजेडात धरल्याशिवाय काळीच वाटते. काचेत बारीक बुडबुडे, त्यातले काही लांबट झालेले, मानेकडं ओढल्यासारखे. जोडाची रेघ दोन्ही बाजूंना स्पष्ट, खांद्यावर जरा जाड, मानेत बारीक होत ओठाच्या थोडं खाली नाहीशी. ओठाच्या कडेखाली काच थोडी ओघळून एका जागी थेंब गोठलाय, म्हणजे पट्टा वेगळा चढवलेला. करंगळी घातली तर आत आटे. बुडावर पावडर लावल्यावर अक्षरं निघाली सी एस, मग अँड, मग को आणि शेवटी एल डी, म्हणजे लिमिटेड. ही इंग्लंडातल्या सेंट हेलेन्सची कॅनिंग्टन शॉ, १८७५ पासून बाटल्या करणारी, १८९२ च्या सुमारास लिमिटेड झाली आणि १९१३ ला दुसऱ्या कंपन्यांसोबत युनायटेड ग्लास बॉटल मॅन्युफॅक्चरर्समध्ये विलीन झाली. मांडा आता कागदावर, आटे १८७९ नंतर, लिमिटेड १८९२ नंतर, कंपनीचं नाव १९१३ पर्यंत. म्हणजे बाटली १८९२ ते १९१३. बाटली कुणी प्यायली, कोणता साहेब होता, यातलं आपल्याला काही माहीत नाही आणि बनवून सांगायचंही नाही, पण वीस-एकवीस वर्षांच्या पट्ट्यात आपण तिला आणली ते फक्त काच वाचून. याच कंपनीच्या पुढच्या काळातल्या बाटलीवर यू जी बी अशी अक्षरं असतील तर ती १९१३ नंतरची.

इंग्रजी मालावर अजून दोन गोष्टी शोधा. ट्रेड मार्क हे शब्द, जे त्यांच्या १८७५ च्या कायद्यामुळं १८७६ पासून नोंदवता यायला लागले, बास या बिअर कंपनीचा लाल त्रिकोण हा तिथला पहिला नोंदवलेला मार्क. आणि आर डी नंबर, म्हणजे नोंदवलेल्या डिझाइनचा क्रमांक, ही पद्धत १८८४ ला सुरू झाली. हे सापडलं तर खालची मर्यादा लगेच मिळते.

भारतातल्या कंपनीचं नाव असेल तर काम अजून सोपं. मरी ब्रुअरी १८६० ची, ती फाळणीनंतर पाकिस्तानात गेली. डायर मीकिन असं नाव असेल तर साधारण १९६६-६७ पर्यंतची, कारण त्यानंतर तिचं मोहन मीकिन झालं, नरेंद्रनाथ मोहन यांच्याकडं कंपनी १९४९ ला आली होती. युनायटेड ब्रुअरीज १९१५ ला बेंगळुरात सुरू झाली, तेव्हा त्या नावाची १९०० ची बाटली कुणी दाखवली तर नमस्कार करून निघायचं. दाई निप्पॉन ब्रुअरी असं उठावात लिहिलेलं असेल तर ती जपानी, कंपनी १९०६ ते १९४९ एवढीच होती, म्हणून ती बाटली आपोआप त्या चौकटीत बसते.

नाव नसेल तर मात्र कुणाचं चिकटवू नका. आपल्याकडं कराडजवळ ओगलेवाडी आहे, १९१६ चा ओगले काच कारखाना, प्रभाकर कंदील घराघरांत होता, त्याचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहेच. त्यामुळं इथल्या कुठल्याही बिननावाच्या जुन्या बाटलीला ओगल्यांची म्हणायची सवय पडलीय. काचेवर खूण नाही, कागद नाही, तर नाव नाही, एवढं कडक राहायला पाहिजे, कारण एकदा चुकीचं नाव लागलं की ते पुढच्या दहा जणांकडं खरं म्हणून जातं.

कागदी लेबल क्वचित राहतं पण राहिलं तर सोनं आहे, आणि इथं आपल्या भागाचा माणूस बाहेरच्यापेक्षा जास्त वाचू शकतो. पत्त्यात जिल्हा दक्षिण सातारा असेल तर ते लेबल १९४९ ते १९६० मधलं, कारण आजचा सांगली जिल्हा तेवढीच वर्षं त्या नावानं होता, १९६० ला तो सांगली झाला. किंमत आण्यात असेल तर बहुतेक १९५७ च्या आधीची, त्या वर्षी एप्रिलपासून नवे पैसे आले. महाराष्ट्रात विक्रीसाठी असं छापलं असेल तर १ मे १९६० नंतरचं. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. इंग्रजी लेबलावर बॉम्बेच्या जागी मुंबई असेल तर बहुधा १९९५ नंतरचं. आणि एक, १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर पुढची काही वर्षं इथं परवान्याशिवाय बिअर उघडपणे मिळत नव्हती, म्हणून १९५० च्या दशकातली इथं विकलेली बाटली दाखवत असेल कुणी तर जरा जास्त बारकाईनं तपासा.

पण लेबल बघताना आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण विसरू नका, ती म्हणजे बाटली वाया जात नव्हती. रिकामी झाली की रॉकेल, नाहीतर गोडेतेल, नाहीतर फिनेल, महाबळेश्वरकडं मध, असं तिचं दुसरं-तिसरं आयुष्य सुरू व्हायचं. तेव्हा लेबल फिनेलचं आणि बाटली बिअरची असं होणारच, लेबलनं दुसऱ्या आयुष्याचं वर्ष कळतं, काचेनं जन्माचं. कंपन्या पण बाटली परत घेऊन धुऊन भरायच्या, त्यामुळं खांद्याला आणि बुडाजवळ पांढरट घासलेला पट्टा पडतो, क्रेटमध्ये आणि धुलाईत बाटल्या एकमेकींना घासून. तो पट्टा जुनेपणाचा पुरावा नाही, बाटली पुष्कळ फेऱ्या मारून आली एवढंच त्यातून कळतं, दोन-चार वर्षांच्या बाटलीलाही तो असतो.

रंगावर लोक फार विसंबतात म्हणून थोडं सांगतो. हिरवट रंग वाळूतल्या लोखंडाचा, तपकिरी हा लोखंड, गंधक आणि कार्बन मिळून येतो, आणि तपकिरी काच बिअरला प्रकाशापासून वाचवते, उजेडानं हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, घाणेरडा वास येतो तो त्यात कमी होतो, म्हणून आजही ती वापरतात. म्हणजे तपकिरीवरून वय शून्य कळतं. पारदर्शक काच उन्हात राहून जांभळट झाली असेल तर त्यात मँगेनीज होतं, साधारण १८८० ते पहिल्या महायुद्धापर्यंतचं, पण हा रंग आता किरणोत्सर्ग वापरून मुद्दाम आणतात, फार गडद आणि एकसारखा जांभळा दिसला की सावध व्हा.

मातीत किंवा पाण्यात पडून काचेवर इंद्रधनुष्यी पापुद्रा येतो, तो खरा असतो, काचेतला क्षार हळूहळू निघून जातो त्याचा. पण नुसता गाळ म्हणजे वय नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर सांगलीत कितीतरी घरांच्या तळमजल्यातून आणि गोदामांतून गाळानं माखलेल्या बाटल्या निघाल्या, त्या कोरड्या झाल्यावर शंभर वर्षांच्या दिसायच्या, धुतल्यावर बिल्ल्याच्या तोंडाच्या साध्या बाटल्या. म्हणून आधी धुवा, मग बोला.

धुताना मात्र घाई नको. कोमट पाणी आणि भांड्याचा साबण, रात्रभर भिजत ठेवा, उकळतं पाणी कधीच नाही, जुनी काच तडकते. आतला थर काढायला तांदळाच्या कण्या आणि थोडं पाणी घालून हलक्या हातानं हलवा, वाळू घालू नका, ओरखडे पडतात. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाचं पाणी पुरतं, बाथरूमचं अ‍ॅसिड लागत नाही. लेबल असलेली बाटली पाण्यात बुडवायची नाही, आणि पापुद्रा खरवडायचा नाही, तो गेला की गेला. आत काही शिल्लक असेल तर चव-वास काही बघू नका, वर सांगितलंच की आत काय काय भरलं गेलं असेल ते.

शोधायला जाताना एवढं पाळा की गडावर आणि संरक्षित जागेत खणायचं नाही, दुसऱ्याच्या जागेत विचारल्याशिवाय नाही. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवायचं असा १८७८ चा कायदा आहे, आणि शंभर वर्षांवरच्या पुराण वस्तू स्वतः परदेशात पाठवायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे, तेव्हा परदेशी गिऱ्हाईक कुणी दाखवलं तर आधी हे वाचा.

आणि बाटली घरी आणली की लगेच एक चिठ्ठी करा, कुठं मिळाली, कधी, कुणाकडून, जमिनीत किती खोल, सोबत काय होतं. चिठ्ठी काचेला चिकटवू नका, सुतळीनं मानेला बांधा. कुणाला ओळखायला फोटो पाठवणार असाल तर चार फोटो काढा, पूर्ण बाटली पांढऱ्या कागदासमोर मागून उजेड देऊन, तोंड जवळून, बूड सरळ वरून, आणि पावडर लावलेली अक्षरं, शेजारी पट्टी ठेवून. नुसता समोरचा एक फोटो पाठवून वय विचारलं तर जाणकारालाही खरं उत्तर देता येणार नाही.